दाहक वास्तव, बारा मिनिटांत

मास कॉमच्या शेवटच्या सत्राला माहितीपट असतो. पाच जणांचा गट, बारा मिनिटं, शंभर मार्क. विषय निवडायचं संपूर्ण स्वातंत्र्य विद्यार्थ्यांना असतं आणि त्या स्वातंत्र्याचा पुरेपूर वापर करून ते दरवर्षी मुळा-मुठेचं प्रदूषण निवडतात. आमच्या विभागाच्या कपाटात नदीवरच्या इतक्या सीड्या साठल्यात की त्या नेऊन पाण्यात टाकल्या, तर प्रदूषणावर आणखी एक माहितीपट सहज निघेल. त्यामुळे यंदा एका गटाने "सर, आम्ही बेघरांवर करतोय" असं सांगितलं तेव्हा मला भरून आलं.

"हाच विषय का घेतलात?"

"सर, डेप्थ आहे."

डेप्थचा उलगडा पुढे झाला. नदी घेतली की विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत हिंडावं लागतं, पेट्रोल जळतं. बेघर होस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पुलाखाली.

मार्गदर्शक म्हणून माझी नेमणूक झाली. मी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, म्हणजे कॉलेजच्या भाषेत सीएचबी. स्टाफरूममध्ये मला स्वतःची खुर्ची नाही. जो तासावर जाईल त्याची खुर्ची माझी आणि तो परत येईपर्यंतच माझी. सिनेमाशी माझा संबंध एवढाच की एका मराठी चित्रपटातल्या लग्नाच्या पंगतीत मी पाठमोरा बसलेला आहे. हे विभागप्रमुख बाईंना कुठून तरी कळलं. "तुम्हाला इंडस्ट्रीचा अनुभव आहे," असं म्हणून त्यांनी फाईल माझ्या हातात ठेवली.

गटात पाचही जण दिग्दर्शक होते. भरपूर वाटाघाटी, दोन रुसवे आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप सोडून जाणं झाल्यावर एकच दिग्दर्शक उरला आणि बाकीचे नाइलाजाने कॅमेरा, साउंड, रिसर्च आणि प्रॉडक्शन झाले. मग ते एकमेकांना याच नावांनी हाका मारू लागले. "ए रिसर्च, डबा आणलास का?" "साउंड, जरा हळू बोल." शेवटी शेवटी हजेरी घेताना मलाच त्यांची खरी नावं आठवेनात.

पहिली बैठक शीर्षकावर झाली. दुसरीही. मराठी माहितीपटाच्या शीर्षकात मधोमध दोन टिंबं लागतात, त्याशिवाय विषयाचं गांभीर्य कळत नाही. 'छत: एक स्वप्न', 'फुटपाथ: एक शोध' वगैरे बाद होत होत 'बेघर: एक दाहक वास्तव'वर एकमत झालं. लगेच पोस्टरही आलं. त्यावर आभाळाकडे बघणारा एक म्हातारा होता. इंटरनेटवरून उचललेला. टोपीवरून तो दक्षिण अमेरिकेतला असावा. खाली फिल्म फेस्टिव्हलला निवड झाल्याच्या खुणेची ती दोन पानांची कमान काढलेली होती आणि मधली जागा कोरी.

"हे काय?"

"फेस्टिव्हलचं नाव नंतर टाकू, सर."

मग संहिता. निवेदनाचं पहिलं वाक्य होतं, अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत. मी ते खोडलं. पुढच्या खर्ड्यात ते शेवटी गेलं. तिथूनही खोडलं, तर प्रश्नचिन्ह लावून मध्यावर उगवलं. "सर, वाक्य स्ट्राँग आहे," दिग्दर्शक काकुळतीला येऊन म्हणाला. पाचवीपासून प्रत्येक निबंधात त्या वाक्याने बिचाऱ्याला मार्क मिळवून दिले होते. असा जुना सहकारी ऐनवेळी कसा सोडायचा?

काम करणारी एकच, रिसर्च. तिने खरोखर वाचलं. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. प्रगणक बॅटऱ्या घेऊन हिंडले. बेघर कुणाला म्हणायचं याची यादीच आहे: उघड्यावर, फुटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपात, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात, रेल्वेच्या फलाटावर राहणारे.

"जिन्याखाली?" कॅमेऱ्याने हात वर केला.

कॅमेरा मूळचा नांदेडचा. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात जिन्याखालच्या खोलीत कॉट बेसिसवर राहतो. मालक तिला 'सेपरेट एंट्रन्स' म्हणतात. रिसर्चने पुढचं वाचून दाखवलं. शहरी बेघरांसाठी सरकारची जी निवारा योजना आहे, तिच्यात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी निवारा हवा आणि माणशी निदान ५० चौरस फूट जागा हवी. कॅमेऱ्याने मोबाईल काढून हिशेब केला. दहा बाय बाराची खोली, चार कॉट. माणशी तीस.

"म्हणजे मी..."

"सर, विषय आपल्या घरातच सापडला!" दिग्दर्शक उसळला.

"घरात कुठे? जिन्याखाली," कॅमेरा म्हणाला.

रिसर्चने त्याला धीर दिला की तू बेघरांत मोडत नाहीस, तू भाडेकरू आहेस. त्यावर त्याने विचारलं, पावती कुठाय? सदाशिव पेठेतला मालक भाड्याची पावती देतो, असं ज्याने पाहिलं असेल त्याने पुढे यावं.

खरी अडचण कॅमेऱ्याची नव्हती, कॅमेऱ्याच्या कॅमेऱ्याची होती. विभागाचा कॅमेरा लॅबमधून साडेदहाला सही करून मिळतो आणि पाचला सही करून परत द्यावा लागतो.

"काका, बेघर लोक रात्री झोपतात, तेव्हा शूट लागतं," दिग्दर्शकाने लॅबवाल्या काकांना समजावलं.

"मग त्यांना दिवसा झोपायला सांगा."

नाइलाजाने मंडळी भर दुपारी पुलाखाली पोचली. पाचच मिनिटांत मला फोन.

"सर, इथे कुणीच नाहीये. नुसती गाठोडी ठेवलीत."

"कामावर गेले असतील."

पलीकडे बराच वेळ शांतता. संहितेच्या दुसऱ्या पानावर 'दिवसभर शून्यात नजर लावून बसलेली ही माणसं' असं वाक्य होतं आणि त्याच्यावर एक मिनिट वीस सेकंद मोजून ठेवलेली होती.

प्राचार्यांच्या सहीने रात्रीची परवानगी निघाली. त्याआधी साहित्याच्या खरेदीवर हिशेब खात्यात एक प्रकरण झालं. उघड्यावर रेकॉर्डिंग करताना वारा लागू नये म्हणून माईकवर केसाळ टोपरं घालतात, त्याला त्या धंद्यात 'डेड कॅट' म्हणतात. साउंडने बिलात तेच लिहिलं. हिशेबनीस भाऊसाहेबांनी मला बोलावून घेतलं. "सर, पोरांना जेवणाखाणाचं, रिक्षाचं समजू शकतो. पण मेलेलं मांजर?" मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वस्तू टिकाऊ आहे याची खात्री करून डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढवली.

पहिल्या रात्री त्यांना एका मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर अप्रतिम बेघर सापडला. दाढी वाढलेली, उशाला पिशवी, अंगावर विटकी चादर, वरून दिव्याचा पिवळा उजेड. कॅमेऱ्याने तर तिथेच डोळे मिटून हात जोडले. चेहऱ्याचे क्लोजअप झाले, तळव्यांचे झाले, आणि मग दिग्दर्शकाने हलकेच उठवून विचारलं, "काका, किती वर्षांपासून तुम्ही बेघर आहात?"

"कोण बेघर? आपला वाडा हाय औशाला. भाचीचं आपरेशन हाय उद्या. तुम्ही कोण?"

पुढचा अर्धा तास त्यांनी वाड्याचं, विहिरीचं आणि सोयाबीनच्या पडलेल्या भावाचं सविस्तर वर्णन केलं. कॅमेरा चालू होता, कारण बंद करायचा धीर कुणाला होईना. सगळ्या फुटेजमधली सर्वोत्तम मुलाखत हीच निघाली.

मावशी भेटल्या त्या दुसऱ्या रात्री. पुलाच्या दुसऱ्या खांबाशी त्यांचं बिऱ्हाड. बाहत्तरच्या दुष्काळात आईबापाचं बोट धरून पुण्यात आलेल्या, तेव्हापासून इथेच. गजरे करतात. पहाटे चारला उठून सार्वजनिक शौचालयाची रांग, मग मार्केट यार्डात फुलं, मग देवळाबाहेर विक्री, दुपारी एका दुकानाच्या पायरीवर डुलकी, संध्याकाळी पुन्हा गजरे. दिग्दर्शक कॉलेजला साडेअकराला येतो. त्याला हे वेळापत्रक ऐकूनच थकवा आला.

चित्रीकरणाआधी संमतीपत्र भरून घ्यायचं असतं. आमच्या कॉलेजच्या नमुन्यात सहभागी व्यक्तीचा कायमचा पत्ता, पिनकोडसह, बंधनकारक आहे. प्रॉडक्शन त्या रकान्यावर पेन टेकवून नुसताच बसला. मावशींनी विचारलं, "पत्ता पायजे व्हय?" आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या पिशवीतल्या पिशवीतून मतदार ओळखपत्र काढून दिलं. पत्ता: पुलाखाली. रिसर्चने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधून सांगितलं, फुटपाथवरच्या माणसाला यादीत नाव घालायला पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणुकीचा माणूस रात्री येऊन, एकाहून जास्त रात्री येऊन, तो खरंच तिथे झोपतो का ते बघून जातो.

"आला हुता की बिचारा," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला मीच म्हनलं, बाबा, किती चकरा मारतूस, पड आता हितंच."

"तुमचं कार्ड हाय का?" त्यांनी पोरांना विचारलं. पाचांपैकी एकाकडेही पुण्यातल्या पत्त्याचा कागद नव्हता. मालक करारच करून देत नाहीत. मावशी हळहळल्या.

शूटिंगच्या दिवशी मावशी जरीची साडी नेसून, तोंडाला पावडर लावून, स्वतःच्याच मालातला ताजा गजरा माळून बसलेल्या होत्या. दिग्दर्शकाच्या पोटात गोळा आला.

"मावशी, रोजची नेसा ना. ती जरा विटकी..."

"का रं? फोटु काढताना कुनी इटकं नेसतं?"

"नाही, पण खरं वाटायला हवं."

मावशींची नजर त्याच्या जीन्सवर गेली. दोन्ही गुडघ्यांवर ती हातभर फाटलेली होती, आणि फाटक्याचे जास्तीचे पैसे देऊन त्याने ती घेतलेली होती. मावशींनी काही न बोलता सुईत दोरा ओवला. "ये हिकडं. दोन टाके घालते, पैशे नगंत."

त्यानंतर तो फुलपँट घालून येऊ लागला.

मग उजेडाचा प्रश्न आला. पुलाखाली अंधार, तर म्हणे मावशींना चित्रीकरणापुरतं जंगली महाराज रस्त्यावर हलवू, तिथले फुटपाथ रुंद, दिवे छान. मी रागावलो तर दिग्दर्शकाने माझंच लेक्चर माझ्या तोंडावर फेकलं. "सर, तुम्हीच शिकवलंत. फ्लाहर्टीने 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये काय केलं?" आता, १९२२च्या त्या चित्रपटात एस्किमोच्या इग्लूत कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळेना म्हणून फ्लाहर्टीने मोठं इग्लू बांधून घेतलं आणि त्याचा अर्धा भाग उघडाच ठेवला, ही गोष्ट मी दरवर्षी फार रंगवून सांगतो. माहितीपटाच्या इतिहासातलं पहिलं गाजलेलं घरच अर्धं आहे म्हटल्यावर मी काय बोलणार? प्रश्न मावशींनीच सोडवला. "त्या रस्त्याला मला वळखतंय कोन? हितं दुकानवाला सामान बघतो, नळावरचा पानी देतो, पोलीस नावानं हाक मारतो. तिकडं ऱ्हायचं म्हंजी लई खर्चाचं काम."

शिकवण्याचा त्रास मला आणखी एकदा झाला. वर्गात मी आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' दाखवला होता, १९८५चा, मुंबईतल्या झोपड्या आणि फुटपाथवरून हुसकल्या जाणाऱ्या लोकांवरचा. त्यात एक बाई कॅमेऱ्यामागच्या दिग्दर्शकालाच फैलावर घेते, की गरिबांची चित्रं काढून तुम्ही आपलं नाव मोठं करणार. हा प्रसंग पाहून मुलं अंतर्मुख होतील अशी माझी अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी पाचही जण माझ्यासमोर उभे.

"सर, आपल्यालाही असं कुणीतरी झापायला हवं."

"अरे, पण..."

"त्याशिवाय एथिकल वाटत नाही, सर."

पुढचा आठवडा ही मंडळी कॅमेरा चालू ठेवून कुणीतरी झापेल म्हणून शहरभर हिंडत होती. भंगार गोळा करणाऱ्या एकाने त्यांना चहा पाजला. स्टेशनबाहेरच्या एका आजोबांनी आयुष्य कसं जगावं ते सांगितलं. मावशींना तर त्यांनी सरळच विचारलं, "मावशी, आमचा राग नाही येत का तुम्हाला?" मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "जेवलात का?" अखेर झापणारा माणूस मिळाला: नो पार्किंगमध्ये उभ्या केलेल्या गाडीवरून एका वाहतूक पोलिसाने त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. काय ती भाषा, काय तो आवेश! साउंडने माईक चालूच केलेला नव्हता.

या सगळ्या काळात माहितीपटाचा नायक तारखाच देत नव्हता. नायक म्हणजे मामा. स्टेशनाजवळ झोपतात आणि एका केटररकडे वाढपी आहेत. आता वाढप्याचं वर्ष पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू. ज्या दिवशी मुहूर्त त्या दिवशी काम, दोन वेळचं जेवण आणि रात्री उशिरा टेम्पोतून परत. मुहूर्त नसला की काम नाही, पैसे नाहीत, पोटालाही कमीच. प्रॉडक्शनने कालनिर्णय विकत घेतला आणि त्याच्यावर शूटिंगचं वेळापत्रक बसवलं.

"सर, गुरुवारी जमत नाही, मामा बिझी आहेत. शुक्रवारी पण. शनिवारी दोन हॉल आहेत त्यांना."

"मग रिकामे कधी?"

"खरमासात." हा शब्द एकविसाव्या वर्षी त्याच्या तोंडून ऐकून त्याच्या आजीचे डोळे पाणावले असते.

मामांची मुलाखत अखेर एका रविवारी रात्री झाली. पुण्यात शिकलेल्या कुणालाही ठाऊक आहे की रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. मंडळी उपाशी, बजेट संपलेलं, आणि मामा लग्नावरून आले ते मसालेभाताचं पातेलं आणि जिलब्या घेऊन. फुटपाथवर पंगत बसली. बेघरांच्या भुकेवरचं चार मिनिटांचं प्रकरण त्या रात्री चित्रित व्हायचं होतं. टेपवर फक्त चमच्यांचे आवाज आहेत आणि मध्येच मामा म्हणतायत, "साउंड, मठ्ठा घे की."

एडिटिंगला बसल्यावर कळलं की मावशी सगळीकडे हसतायत. दुष्काळ सांगताना हसतायत, अतिक्रमणवाल्यांची गाडी येते ते सांगताना तर टाळी मागून हसतायत. दिग्दर्शक रात्रभर न हसणाऱ्या मावशी शोधत होता. पहाटे तीनला त्याला दोन सेकंद सापडले. मावशी दूर कुठेतरी बघतायत, कपाळावर आठ्या. त्याने ते दोन सेकंद स्लो मोशनमध्ये अकरा सेकंद केले, रंग काढून टाकले आणि खाली सारंगी लावली. सारंगी वाजल्याशिवाय आपल्याकडे गरिबी ऐकू येत नाही. काम झालं. मी स्वतः बघताना आवंढा गिळला.

प्रदर्शनाला मावशी आल्या, तीच जरीची साडी, दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी. माझ्यासाठी खुर्ची प्रॉडक्शनने आठवणीने धरून ठेवली होती, हा या साऱ्या प्रकल्पातला माझा वैयक्तिक लाभ. प्राचार्यांचं भाषण माहितीपटापेक्षा लांब झालं. मग अंधार, अन्न वस्त्र निवारा (कुठून आलं कोण जाणे), आणि शेवटी ते अकरा सेकंद. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले.

"ही बाई!" मावशी मोठ्यांदा म्हणाल्या. "हिनं पन्नासची नोट दिलती आन् गजरं नेलं तीन. आठवतंय मला. तिचंच हिशेब करत हुते मी."

दिवे लागल्यावर बाहेरून आलेले परीक्षक उठले. "प्रयत्न प्रामाणिक आहे," ते म्हणाले, "पण त्या बाई पुरेशा दुःखी वाटत नाहीत. गरिबी अजून पोचायला हवी होती."

"पुढच्या वक्ताला जास्तीची घेऊन येते, सायेब," मावशी म्हणाल्या. परीक्षकांनी मार्कांचा कागद उलटा केला.

चहापानाची जबाबदारी विद्यार्थ्यांकडे होती, म्हणजे समोसे एका टेबलाशी, प्लेटा दुसऱ्या, आणि गर्दी दोन्हींच्या मध्ये अडकलेली. तेवढ्यात मामा आले. सकाळचं लग्न उरकून थेट, अंगावर अजून लाल जाकीट. त्यांनी एक नजर टाकली, प्लेटांची चळत डाव्या हातावर घेतली, "बसून घ्या, सगळ्यांना मिळतंय" असा आवाज दिला, आणि बघता बघता प्राचार्यांपासून लॅबवाल्या काकांपर्यंत प्रत्येकाच्या हातात समोसा, चटणी आणि पेढा. विभागात आजवर इतकी शिस्त कुणी पाहिली नव्हती.

परीक्षक थक्क. "हे कोण?"

"सर, आमचे हिरो," दिग्दर्शक म्हणाला.

परीक्षकांनी मामांना बाजूला घेतलं. "मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. सोळा तारीख. तुमच्यासारखा माणूस हवा हो."

मामांनी खिशातून छोटं पंचांग काढलं, बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "मालकाला इचारतो, सायेब. पन सोळाला आमचं दोन हॉल धरल्यात. तुम्ही जूनमधली एखांदी बगा."

परीक्षक खिडकीपाशी गेले आणि व्याह्यांना फोन लावून विचारू लागले की जून कसा वाटतो.